एक तरुण पिचर पाहिजे

८ जुलै

आजपासून डायरी. यशस्वी माणसांची आत्मचरित्रं वाचताना मला नेहमी नवल वाटतं, की यांना एवढं सगळं आठवतं कसं? परवा बायकोने, नोरीनने, विचारलं की आपल्या लग्नात पाऊस होता का, तर मला सांगता येईना. तेव्हा वेळच्या वेळी लिहून ठेवलेलं बरं.

घडलं ते असं. हॅलोरनसाहेबांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ते ऑपरेशनला गेले. बेसबॉलचा हंगाम ऐन भरात, आणि ओमाहा ड्रोव्हर्स संघाची सूत्रं माझ्या हातात. रसेल पेंडरग्रास्ट, प्रभारी महाव्यवस्थापक. दारावरच्या पाटीवर ‘प्रभारी’ हा शब्द माझ्या नावापेक्षा ठळक झालाय, पण तो रंगाऱ्याचा अडाणीपणा.

दुपारी मालकीणबाईंनी बोलावलं. मिसेस ह्यूबनरांचा मूळ धंदा सॉसेजचा. संघ त्यांना नवऱ्याच्या मृत्युपत्रातून मिळाला, सोबत एक कुत्राही मिळाला होता. कुत्र्यावर त्यांचा जीव होता. तो वारला. संघ आहे.

“रसेल, आपण तिसऱ्या नंबरवर का?”

“मॅडम, सामना सुरू करणारा धड पिचर नाही आपल्याकडे. पहिल्या चेंडूपासून सहा-सात इनिंग एकट्याने चेंडू फेकत ओढणारा. आहेत ते पिकले.”

“मग कोवळा आण.”

“कोवळे कुणी सोडत नाही, मॅडम.”

“सगळे सोडतात. जन्मभर डुकरं विकत घेतलीत मी, मला नको शिकवूस. महिनाअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते ना? त्याच्या आत आण. तरुण, स्वस्त आणि टिकाऊ.”

माझंही तत्त्वज्ञान नेमकं हेच आहे, फक्त मी ते जरा शास्त्रीय भाषेत मांडतो.

११ जुलै

आज निवड समितीची बैठक. समिती म्हणजे क्लेम डॅफर्न, इनग्रिड सोलबर्ग आणि अध्यक्षस्थानी मी.

क्लेम आमचा जुना स्काऊट. गावोगावच्या मैदानांवर हिंडून पोरं हेरायचं काम करतो, दातात काडी धरून बोलतो, त्यामुळे त्याचं निम्मं मत काडीतच राहतं. इनग्रिड संख्याशास्त्रातली डॉक्टर. तिने आयुष्यात एकदाही चेंडू फेकलेला नाही आणि हे ती पदवी सांगावी तशी सांगते. मार्चमध्ये त्यांचं काहीतरी बिनसलं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

“साहेब, बाईंना सांगा, पोराच्या कमरेखाली बघावं,” क्लेम म्हणाला. मला ‘साहेब’ म्हणताना त्याच्या मिशीत काहीतरी हलतं. “ढुंगण भक्कम पाहिजे. झाड खोडावर उभं राहतं, पानांवर नाही. तो लुट्झ बघा. काय ढुंगण आहे!”

“रसेल, यांना सांगा, ढुंगणाचा आणि धावांचा काडीचाही संबंध नाही. आणि काडी तोंडातून काढायला सांगा. माझ्या हिशेबात पेगेरो पहिला येतो.”

“पेगेरो? बुटका आहे तो. पिचरने उभं राहायचं ते टेकाड नसतं तर दिसलासुद्धा नसता.”

“चेंडू उंचीने पडत नाही, रसेल, हवेमुळे वळतो. सांगा त्यांना.”

असं दोन तास. शेवटी मी दोघांनाही दुसरं नाव विचारलं. दोघांच्या तोंडून एकच नाव आलं: टक्सनचा थॅड वेलबोर्न. वय बावीस, उजवा हात, उंच. मी टेबलावर थाप मारली. जिथे दोन विद्वानांची दुसरी पसंती जुळते तिथे सत्य असतं!

“पण जूनपासून त्याचा वेग उतरतोय,” इनग्रिड म्हणाली. “दर सामन्यात थोडा थोडा.”

“म्हणजे पोरगं शहाणं झालं,” मी म्हणालो. “उगाच जोर लावत नाही. ह्याला प्रौढत्व म्हणतात, इनग्रिड. ते तुझ्या तक्त्यात मावणार नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्चनंतर प्रथमच. नेतृत्व माणसांना कसं जवळ आणतं पाहा.

१५ जुलै, टक्सन

इथलं ऊन म्हणजे भट्टीचं दार उघडं टाकल्यासारखं. टक्सनचा महाव्यवस्थापक गस टॅरंटेली स्वतः विमानतळावर आला. हा माणूस धूर्त म्हणून ओळखला जातो, मला तरी तसं काही जाणवलं नाही. उलट फार मोकळा. गाडीत बसताबसताच म्हणाला, “रसेल, भावा, तू यायच्या आधी रडतच बसलो होतो. मालकाला म्हटलं, वेलबोर्नला हात लावायचा नाही. पण मालक तो मालक. काय करू, सांग.”

मी त्याचं सांत्वन केलं. प्रतिस्पर्धी हळवा असला की आपण आणखी थंड व्हायचं.

संध्याकाळी वेलबोर्नचा सामना पाहिला. माझी निरीक्षणं अशी. एक, प्रत्येक जोरदार चेंडूनंतर तो हात झटकतो, ओला हात झटकावा तसा. फार देखणी लकब, उद्या जाहिरातीत वापरता येईल. दोन, इनिंगच्या मधल्या वेळात, एवढ्या उकाड्यातही, तो कोपराला गरम टॉवेल गुंडाळून बसतो. शरीराची इतकी काळजी आजकालची पोरं घेतात कुठे? तीन, पाचव्या इनिंगनंतर त्याने स्वतःच थांबवायला सांगितलं. दुसऱ्यांना संधी द्यावी ही भावना.

ढुंगणही बरं आहे. क्लेमसाठी नोंद.

१६ जुलै

दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी परवानगीशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. ती परवानगी गसने मी मागायच्या आधीच देऊन टाकली. “भेट ना, खुशाल भेट. पोट भरून बोल,” म्हणाला.

हॉटेलात नाश्त्याला भेटलो. पोरगं लाजाळू. शेकहँडला त्याने डावा हात पुढे केला. मला हे फार आवडलं, हृदय डाव्या बाजूला असतं ना. जेवतानाही काटा डाव्याच हातात. सवय नसावी, अंड्याचा पिवळा बलक आणि तिखट चटणी दोन्ही शर्टावर सांडली. उजवा हात मांडीवर शांत ठेवलेला. संस्कार!

मी त्याच्यापुढे आमच्या संघाचं चित्र उभं केलं. पाया, खांब, कळस. तू खांब होशील म्हणालो. खांबाला काय वाटतं हेही सांगितलं. मी छान बोलत होतो, शेजारच्या टेबलावरचे लोकसुद्धा खायचे थांबले होते.

मध्येच तो म्हणाला, “सर, एक सांगायचं होतं.”

मी हात वर केला. “थॅड, तुला काय सांगायचंय ते मला माहीत आहे.”

“माहीत आहे?” पोराचे डोळे केवढे मोठे झाले.

“तुझ्याकडे बघताक्षणीच कळलं. आणि मला त्याची काही अडचण नाही. उलट, त्यासाठीच तू मला हवायस.”

त्याला महत्त्वाकांक्षेबद्दल बोलायचं होतं हे उघड होतं. टक्सन लहान पडत होतं त्याला. तो म्हणाला, “थँक यू, सर. असं कुणी म्हणालं नव्हतं मला.” डोळ्यांत पाणी. चटणी तिखट होती, पण निव्वळ चटणीचं नव्हतं ते.

माणसं वाचणं ही देणगी आहे. ती शिकवता येत नाही.

२० जुलै

घरी. नोरीन अंगणात टोमॅटोला पाणी घालत होती. तिला सगळं सांगितलं.

“काटा डाव्या हातात?” ती म्हणाली. “डावखुरा आहे का तो?”

“छे. उजव्याने फेकतो.”

“मग?”

“नम्रता गं.”

तिने नळी टोमॅटोवरून काढून थेट जमिनीवर धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. “रसेल, तू विचारलंस का त्याला?”

“काय?”

“जाऊ दे,” ती म्हणाली आणि नळ बंद करायला गेली. नोरीनला खेळातलं फारसं कळत नाही. दातांच्या दवाखान्यात काम करते, तिथे लोक तोंड उघडून बसतात, त्यांना काही विचारता येत नाही. म्हणून घरी प्रश्न सुचतात.

२७ जुलै

गसने किंमत सांगितली. वेलबोर्नच्या बदल्यात त्याला एफ्राइन बारोसो हवाय, आमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू.

एफ्राइन आमच्याकडे सात वर्षं. ओमाहात ज्या कुणाला पोरगं झालं त्यातल्या निम्म्यांनी त्याच्यासोबत फोटो काढलाय. पण वय एकतीस. भावना बाजूला ठेवून पाहिलं तर हा उतरणीचा माल, आणि थॅड चढणीचा. क्लेम म्हणाला, “साहेब, एफ्राइनला देऊ नका. देवाची शपथ.” इनग्रिडनेही नको म्हटलं. दोघं एकमत! याचा अर्थ मी नक्कीच काहीतरी धाडसी करतोय.

२९ जुलै

आमच्या डॉक्टरने खोडा घातला. म्हणे टक्सनने पाठवलेले कोपराचे फोटो मार्चचे आहेत, नवे काढून मागवा. एक दिवस लागेल.

गसला फोन केला. तो उसासा टाकून म्हणाला, “रसेल, भावा, तुला हवे तेवढे फोटो काढू. पण आत्ता दुसऱ्या लाइनवर दोघंजण आहेत. मी त्यांना थांबवून धरलंय, का? तर तू त्या पोराशी जेवलास. बाकीच्यांनी त्याला माणूस म्हणून पाहिलंच नाही.”

डॉक्टर म्हणाला, “मी सही करणार नाही.” मी म्हणालो, “मग मी करतो.” आणि केली. पेन चांगलं चाललं.

३० जुलै

एफ्राइनला सांगायला स्वतः त्याच्या घरी गेलो. हॅलोरनसाहेब असल्या वेळी फोन करायचे. मी तसा नाही. वाटेत भाषण तयार केलं होतं.

तो अंगणात मुलीसाठी झोपाळा बसवत होता. मी भाषण सुरू केलं. संघ म्हणजे वाहती नदी वगैरे. त्याने पाना खाली ठेवला नाही.

“कुठे?”

“टक्सन.”

“कुणाच्या बदल्यात?”

“एक पिचर आहे. बावीस वर्षांचा. हिरा आहे, एफ्राइन.”

“तू भेटलास?”

“हो तर. मी स्वतः नाश्ता केला त्याच्याबरोबर.”

तो हसला. “सात वर्षांत मला कधी कॉफी नाही पाजलीस रे.”

यावर भाषणात काही नव्हतं. तो पुन्हा बोल्ट आवळायला लागला. मी म्हणालो, “आता कशाला बसवतोयस? घर विकावं लागेल ना.”

“जे घेतील त्यांना पोरं असतील,” तो म्हणाला. “ते टोक धर जरा.”

मी धरलं. कितीतरी वेळ धरून उभा होतो. शेवटी त्यानेच “सोड आता” म्हटलं. निघताना त्याची बायको दारात आली होती, मी हात हलवला, ती आत गेली. दक्षिण अमेरिकेतली माणसं भावनाप्रधान असतात.

६ ऑगस्ट

विजय! थॅडचा पहिला सामना. सहा इनिंग, एकच धाव. लोक उभे राहिले. काल ज्या वर्तमानपत्राने मला ‘ओमाहाचा खाटीक’ म्हटलं त्याचा बातमीदार आज सामन्यानंतर ‘धूर्त खाटीक’ म्हणाला. प्रगती आहे.

मिसेस ह्यूबनरांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला जायफळाचा वास येतो. “टिकाऊ आहे ना रे?” कानात विचारलं.

“मॅडम, सहा वर्षं तो आपला आहे. कुठे जाऊ शकत नाही.”

“ते नाही विचारलं मी,” त्या म्हणाल्या. पण तेवढ्यात फटाके सुटले.

१२ ऑगस्ट

दुसरा सामना. पाच इनिंग, जिंकलो. पाटीवरचा ‘प्रभारी’ शब्द पुसावा का, असं रंगाऱ्याला सहज विचारून ठेवलं.

१७ ऑगस्ट

काय झालं ते नीट लिहिण्याचा प्रयत्न करतो.

दुसरी इनिंग. थॅडने चेंडू फेकला आणि तो फलंदाजाकडे गेलाच नाही. तिरपा उडून प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे गेला. तिथली माणसं हसली. मग हसायची थांबली. थॅड ओरडला नाही, पडलाही नाही. हात पोटाशी धरला आणि कुणालाही न बोलावता, कुणाकडे न बघता मैदानातून सरळ चालत निघाला.

“कुठे चालला तो?” शेजारी मिसेस ह्यूबनर म्हणाल्या. “बाथरूमला?”

मी म्हणालो, “बहुतेक.”

खाली गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. क्लेम त्याच्याशेजारी होता. त्याच्या तोंडात काडी नव्हती.

१९ ऑगस्ट

कोपरातलं लिगामेंट तुटलं. काल शस्त्रक्रिया झाली. पुढचा सबंध हंगाम गेला. त्यानंतरही पूर्वीसारखा फेकेलच असं सर्जन म्हणत नाही. त्याच्या मते ही फाट जुनी होती, जूनपासूनची तरी असावी.

म्हणजे मला फसवलं गेलंय. संताप अनावर झाला. टक्सनला फोन केला. गस म्हणाला, “रसेल, भावा, ऐकून काळीज तुटलं माझं.” मागे प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येत होता. एफ्राइनने चेंडू मैदानाबाहेर मारला होता वाटतं.

२१ ऑगस्ट

मालकीणबाईंकडे बैठक. सोबत त्यांचे वकील, थॉर्नबरी. हा गृहस्थ बोलताना आधी शब्दाची धूळ झटकतो, मग तो वापरतो.

मला वाटलं टक्सनवर खटला. मी बाह्या सरसावल्या. बाई म्हणाल्या, “टक्सनच्या मालकाशी भांडायचं नाही. पुढच्या महिन्यात सगळ्या संघमालकांचं मतदान आहे, मला त्याचं मत पाहिजे.”

“मग भांडायचं कुणाशी?”

“पोराशी,” थॉर्नबरी म्हणाला. “त्याने आजार लपवला. तुम्ही स्पष्ट विचारलंत आणि तो खोटं बोलला, असं लवादापुढे ठरलं, तर करार रद्द करता येतो. उपचारही मग त्याचे त्याने बघायचे. तुम्ही एकटेच साक्षीदार आहात, मिस्टर पेंडरग्रास्ट. नाश्त्याला दोघंच होतात ना?”

“हो.”

“मग दोनच वाक्यं. ‘मी विचारलं, हात दुखतो का? तो म्हणाला, नाही.’”

“त्या पोराला मत नसतं,” बाई म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, “हॅलोरन काही परत येत नाही, रसेल. ती खुर्ची रिकामीच आहे.”

दोन वाक्यं. मी यापेक्षा कितीतरी मोठी भाषणं पाठ केली आहेत.

२४ ऑगस्ट

थॅडच्या खोलीवर गेलो. थॉर्नबरीने जाऊ नका सांगितलं होतं, पण साक्षीआधी माणसाने आपला संताप ताजा करून घ्यावा. अपराध्याचा चेहरा पाहिला की बळ येतं.

दार त्याच्या आईने उघडलं. मार्ला. ऑरेगनच्या कुठल्याशा गावात शाळेची बस चालवते. हात ओले होते. स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ती पोराचे केस धूत होती. हाताला लोखंडी पट्ट्यांचा सापळा, तो भिजू द्यायचा नाही, म्हणून एवढं सहा फुटी पोर स्टुलावर वाकून, मान खाली घालून बसलेलं. डोळ्यांत साबण. त्याला मी दिसलोच नाही.

“कोण आलंय, आई?”

“तुझे ते नाश्तावाले,” ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो. घसा साफ केला. “थॅड, मला धक्का बसलाय. तू सांगायला हवं होतंस.”

“सांगणारच होतो, सर. नाश्त्यालाच.” पाणी गळत होतं, तो तसाच बोलत होता. “तुम्ही म्हणालात, तुला काय सांगायचंय ते मला माहीत आहे.”

“मी—”

“म्हणालात त्याची काही अडचण नाही. जूनमध्ये तिथल्या लोकांना सांगितलं, तर ते म्हणाले उन्हाचा थकवा आहे, गप्प बस. मग तुम्ही आलात. मला वाटलं, यांना माहीत आहे, आणि तरीही मी यांना हवाय.”

मार्लाने टॉवेल घेतला आणि त्याचं डोकं पुसायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या दिवशी फोन केला होता यानं मला. म्हणाला, आई, एक फार भला माणूस भेटला.”

नंतर तिने कॉफी दिली. मी ती प्यायलो. साखर नव्हती, मागितली नाही.

संताप काही ताजा झाला नाही. उलट होता तोही उतरला. थॉर्नबरीचं बरोबर होतं, जायला नको होतं.

१ सप्टेंबर, न्यूयॉर्क

उद्या सुनावणी. हॉटेलच्या आरशापुढे दोन वाक्यं म्हणून पाहिली. ‘हात दुखतो का?’ यात ‘हात’वर जोर द्यावा की ‘दुखतो’वर? ‘दुखतो’वर दिला की काळजी जास्त दिसते. छान जमतंय. खाली जाऊन सूप घेतलं, जरा खारट होतं.

२ सप्टेंबर

जे झालं त्याचं कारण शोधतोय आणि सापडत नाही. सूप असावं.

लवाद म्हणजे एक बाई होत्या, खोकल्याची गोळी चघळत. समोर थॅड. शर्टाची बटणं एका काजाने चुकलेली, एका हाताने लावली असतील. मागे मार्ला, कोट मांडीवर घेऊन.

थॉर्नबरीने धूळ झटकून विचारलं, “नाश्त्याच्या वेळी आपण वेलबोर्न यांना त्यांच्या हाताबद्दल विचारलंत?”

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, जोरसुद्धा ठरलेला होता.

“मी त्यांना आमच्या संघाचं चित्र सांगितलं,” मी म्हणालो. “पाया, खांब, कळस.”

“होय, पण विचारलंत काय?”

“खांबाला काय वाटतं तेही सांगितलं.”

लवादबाईंनी गोळी गालात सरकवली. “मिस्टर पेंडरग्रास्ट, तुम्ही सांगितलंत ते कळलं. विचारलंत काय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आठवतोय. मनापासून आठवतोय. त्या सबंध नाश्त्यात माझ्या तोंडून एक तरी प्रश्न निघाला होता का? एकही सापडेना. साधं ‘झोप झाली का’सुद्धा नाही.

“काहीच नाही,” मी म्हणालो. “मी काही विचारलं नाही. मीच बोलत होतो. याला एक गोष्ट सांगायची होती, ती मी सांगू दिली नाही. खोटं बोलायला याला संधीच मिळाली नाही, बाई. खरं बोलायलाही नाही.”

थॉर्नबरीने पेनचं टोपण लावलं. मला डॉक्टरच्या सहीबद्दल कुणी विचारलं नव्हतं, पण एकदा सुटलं ते सुटलं, तेही सांगून टाकलं. घाबरलेला माणूस बडबडतो, त्यातला प्रकार.

थॅडचा करार कायम. उपचार संघाच्या खर्चाने.

बाहेर जिन्यात मार्ला भेटली. माझ्या कोटाची कॉलर दुमडली होती, ती तिने सरळ केली आणि खाली गेली. मला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या सुनावणीत मी दुमडलेल्या कॉलरने उभा होतो.

५ सप्टेंबर

मिसेस ह्यूबनरांनी मला बसायला सांगितलं नाही.

“तुला बेसबॉल कळत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर ठेवला होता. पण तुला स्वार्थही कळत नाही? खोटं बोलता येत नव्हतं तर निदान खोकायचं.”

“मॅडम, माझं जरा चुकलंच.”

“जरा?”

नोकरी गेली. माझ्या जागी इनग्रिड. दार ओलांडताना पाहिलं तर रंगारी आलाच होता. ‘प्रभारी’ तेवढं ठेव म्हणाले वाटतं त्याला, बाकीचं खरवडत होता.

सामान गाडीत ठेवताना क्लेम आला. खोकं उचलू लागला. मी म्हणालो, “असू दे, हलकं आहे.” तो म्हणाला, “ठीक आहे, रसेल.” आणि तरी उचललं. एवढ्यात साहेबपणा गेला माझा! या धंद्यात कुणी कुणाचं नसतं.

दुपारी घरी आलो. नोरीन कोबी-खिमा भरलेले पाव भाजत होती. कोपरापर्यंत पीठ. मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं, लवादबाई, गोळी, पेनचं टोपण.

“थांब,” ती म्हणाली. “तू काय म्हणालास? तेवढं परत सांग.”

“म्हणालो, मी काही विचारलं नाही. मीच बोलत होतो.”

“असंच? याच शब्दांत?”

“याच शब्दांत. सगळ्यांसमोर. नोरीन, मी स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं केलंय.”

तिने ओव्हन बंद केला. जवळ आली आणि पिठाच्या हातांनी माझे दोन्ही कान धरले. मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. मग नीट बघितलं तर दोन्ही चाललं होतं. बऱ्याच वर्षांनी ती इतक्या जवळून बघत होती, मी जरा मागे सरलो.

“नोकरी गेली, नोरीन,” मी म्हणालो.

“कळलं रे मला.”

“पुन्हा कुठे मिळणार नाही. या धंद्यात तरी नाही.”

“तेही कळलं.” मग तिने माझ्या ताटात एकामागून एक पाव वाढले आणि समोर बसून मला खाताना बघत राहिली, जणू काही सणच आहे.

तिला बहुधा परिस्थितीचं गांभीर्य कळलेलं नाही. उद्या सकाळी शांतपणे समजावून सांगेन.